चौकोनातले अडतीस

४ मार्च

ठकी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून फाड. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि आत्याबरोबर निरोप पाठवावा तर ती त्यात स्वतःची चार वाक्यं घालते. म्हणून सहा वर्षांनी पेन हुडकलं. अक्षर गिचमिड आलंय, समजून घे. सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

स्टुडिओतला जुना संगणक आता घरघरतो आणि काम चालू असतानाच मान टाकतो, म्हणून सगळी गाणी नव्यावर हलवतोय. एकेक फाईल उघडायची, ऐकायची, पुढे सरकवायची. आज तू ड्रम वाजवलेल्या त्या गाण्याची पाळी आली. म्हटलं, न ऐकताच हलवू. मग ऐकलंच.

आपलं काम कसं चालायचं ते तुला पाठ आहे, तरी मला क्रमाने लिहू दे, नाहीतर मी मधूनच पळवाट काढीन. गाणं, पेटी, गायक हे सगळं जुन्या प्रोग्रॅममध्ये. ड्रमला आठ माइक लागत आणि जुन्याला एवढे झेपत नसत, म्हणून ड्रम दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये. दोघांना एकमेकांना बांधलेलं. जुन्यात प्ले दाबलं की दुसरा त्याच्या पावलावर पाऊल टाकून निघणार. टिकटिक जुन्यातून तुझ्या हेडफोनमध्ये, तुझे ठोके दुसऱ्यात. आणि ऐकायला बसलं की तुझा प्रत्येक ठोका गाण्याच्या पुढे. घाईत. आज सकाळीसुद्धा तो तसाच पुढे होता.

मी गाणं बंद केलं. फक्त तुझ्या डोक्यावर टांगलेला माइक चालू ठेवला. त्यात अगदी बारीक, हेडफोनमधून झिरपलेली टिकटिक ऐकू आली. एक कान उघडा टाकून वाजवायची तुझी ती सवय. ‘टिकटिक माइकात गळते’ म्हणून मी तुझ्यावर किती डाफरलो होतो! बरं झालं ऐकलं नाहीस.

ठकी, तू जिथे थांबली होतीस तिथेच ती टिकटिक ऐकू येत होती. तू वाजवायला लागलीस की ती नाहीशी व्हायची, कारण ती तुझ्या ठोक्याच्या बरोबर खाली होती. आवाज मोठा केला, हेडफोन बदलले, पडद्यावर रेघ इतकी ताणली की एक ठोका टेबलभर झाला. ठोका टिकटिकीवरच. केसाएवढंही अंतर नाही. दोन्ही एकाच माइकात, एकाच हवेत, त्यात संगणकाला लुडबूड करायला जागाच नाही. म्हणजे तू एकटी पुढे नव्हतीस. टिकटिकही तुझ्यासोबत तेवढीच पुढे होती. आणि टिकटिक काही घाई करत नाही.

मी खुर्चीतून उठलो आणि दार उघडून जिन्यात उभा राहिलो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी विचारलं, “काय हो, कोणी गेलं का?”

मशीनमध्ये बिघाड होता, दुसरं काय. दोन प्रोग्रॅम नीट बांधले गेले नव्हते. असं होतं कधीकधी. तुझी चूक नव्हती एवढं कळवायचं होतं. त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो.

दादा


५ मार्च

ठकी,

काल पत्र टाकलं आणि घरी येईपर्यंत वाटत राहिलं की टपालपेटीत हात घालून परत काढावं. त्यात शेवटी खोटं लिहिलंय. हे पत्र आधी पोचलं तर बरं.

बिघाड नव्हता. मशीन बिचारं सांगितलं तेच करत होतं.

दुसऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, दोघांना बांधायच्या म्हणजे सिंकच्या पानावर तळाशी, एक छोटा चौकोन असतो. रेकॉर्ड झालेला आवाज किती मिलिसेकंद अलीकडे सरकवून ठेवायचा, तो आकडा त्यात टाकतात. आपल्याकडे तो शून्य असायला हवा. तिथे अडतीस होते, आणि ते मी टाकले होते. स्वतःच्या हाताने, शुद्धीत असताना.

बाबांसाठी टाकले होते.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांचा उजवा हात मागे पडायला लागला होता. आजाराचं नाव नंतर कळलं, माझ्या कानाला आधी कळलं होतं. बाबांना मात्र कळत नव्हतं. ड्रम वाजवताना त्यांना सगळं बरोबर वाटायचं, आणि ऐकायला बसले की चेहरा उतरायचा. पेटीवाले काका आणि गायक एकमेकांकडे बघायचे. बाबा ते बघायचे. एके दिवशी ते चहा प्यायला बाहेर गेले तेव्हा मी अंतर मोजलं. थोडंफार इकडेतिकडे, पण सरासरी अडतीस. चौकोनात टाकले, त्यांना पुन्हा वाजवायला लावलं आणि ऐकवलं. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, “आहे रे, अजून आहे हातात.” तो चेहरा बघितला असतास तर तूसुद्धा अडतीस टाकले असतेस.

मी कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही.

पुढचा मूर्खपणा माझ्या आळसाचा. नवं गाणं आलं की मी नवी फाईल बनवायचो नाही. बाबांची आधीची उघडायची, आतलं पुसायचं, नवं नाव द्यायचं. आठ माइकांची जुळणी आयती मिळायची ना. बाबा गेले, दोन महिन्यांनी तू त्यांच्या स्टुलावर बसलीस, आणि मी सवयीने तीच फाईल उघडली. माइक तेच, जुळणी तीच, चौकोनात अडतीस तसेच. त्यांचा हात मागे होता म्हणून त्यांचा ठोका जागेवर यायचा. तुझा जागेवरच होता, म्हणून तो पुढे गेला.

कालच्या पत्रात ‘जरा जास्तच बोललो’ असं लिहिलंय. काय बोललो ते लिहायला शाई आटली होती वाटतं. आज लिहितो.

तीन दिवस तू वाजवत होतीस. पहिल्या दिवशी सांगितलंस, “दादा, वाजवताना बरोबर असतं रे, ऐकताना पुढे पळतं. तू एकदा तुझी ती बांधणी तपास ना.” गायक सोफ्यावरून म्हणाला, “नाचता येईना, अंगण वाकडं.” सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. ठकी, अंगण खरंच वाकडं होतं. मीच वाकडं करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तू मुद्दाम हात आखडून वाजवलंस, तर काहीच धड जमेना. तिसऱ्या दिवशी तुझे हात खरोखर कापायला लागले. तेव्हा मी पेटीवाल्या काकांना म्हणालो, “आमचं घड्याळ बिघडलं.” बाबा तुला लाडाने घड्याळ म्हणायचे. तोच शब्द मी चारचौघांत काढला. आणि मग बाहेर, चपलांच्या कपाटापाशी, तुला एकटीला गाठून म्हणालो, “बाबाही हेच म्हणायचे, वाजवताना बरोबर वाटतं म्हणून. त्यांचा मागे पडायचा, तुझा पुढे पळतो, मूळ एकच. हात कानाचं ऐकत नाही. दाखवून घे.”

तू चपला न घालता खाली गेलीस.  त्या अजून कपाटात आहेत.

ते गाणं मग मी मशीनच्या ड्रमवर पुरं केलं. मशीनचे ड्रम जुन्या प्रोग्रॅममध्येच वाजतात, त्यामुळे दुसरा प्रोग्रॅम मी सहा वर्षांत उघडलाच नाही. दुसरा कोणी वाजवणारा त्या स्टुलावर बसला असता तर तोही पुढेच गेला असता आणि त्याच दिवशी माझं पितळ उघडं पडलं असतं. पण मी कोणाला बोलावलंच नाही. लोकांना सांगत होतो, ‘बहिणीची जागा दुसऱ्याला कशी देऊ!’ बघ, त्यातसुद्धा मोठेपणा मिरवून घेतला.

दादा


१३ मार्च

ठकी,

तुझं उत्तर नाही. नसावंच. पण आत्या काल आली होती आणि आता मला उत्तर न येताही लिहावं लागतंय.

तिला मी सगळं सांगितलं. चौकोन दाखवला, अडतीस दाखवले. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण एक गोष्ट बरोबर कळली. तिने पर्स मांडीवर ओढून घेतली.  मग म्हणाली, “म्हणजे पोरीला काही झालेलंच नव्हतं?”

“नव्हतं.”

“मग तिच्याशी लग्न करणार होता त्या भूगोलाचं काय रे?”

मी म्हटलं, “त्याचं काय? तो हिच्या तुसडेपणाला कंटाळून गेला.” असंच समजत होतो मी. चार लोकांत तसं सांगितलंही होतं, हसत हसत, की भूगोलाच्या मास्तरांना आमच्याकडचं हवामान मानवलं नाही.

आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मी बसल्या जागी लहान झालो. म्हणाली, “तो कशाला जातोय. तिने घालवला. आणखी पंधरा वर्षांनी याला मला चमच्याने भरवावं लागेल, म्हणाली. तुम्ही दोघं तुमच्या बापाला भरवत होतात ना, तसं. त्याच्या पाया पडायची बाकी राहिली होती, जा म्हणून.”

 मी वेड्यासारखं विचारलं, “पण तिने डॉक्टरला दाखवलं नाही?”

“दाखवलं की. तीनदा. तिघांनी सांगितलं काही नाही म्हणून.”

“मग?”

“मग काय मग! म्हणाली, आत्या, डॉक्टर मला दहा मिनिटं बघतो. दादा मला जन्मापासून ऐकतोय. त्याचा कान चुकत नाही.”

ठकी, हे मी चार वेळा लिहून खोडलं. पाचव्यांदा तसंच राहू दिलंय. तीन शिकलेल्या माणसांनी यंत्रं लावून, रक्त काढून सांगितलं ते तू खरं मानलं नाहीस, आणि मी चपलांच्या कपाटापाशी जीभ उचलून टाळ्याला लावली ते खरं मानलंस. कोणी कोणावर एवढा विश्वास ठेवू नये. निदान माझ्यावर तरी नको होता.

मला वाटत होतं तू रागावून गेलीस. सहा वर्षं मी मनात तुझ्याशी भांडत होतो, की एवढंसं बोललेलं हिला सोसत नाही, कलाकार म्हणवते आणि राग नाकाच्या शेंड्यावर. रागावून नव्हतीस गेली. घाबरून गेली होतीस. आणि एकटीच घाबरत राहिलीस, दर सकाळी कप उचलताना, कुलपात किल्ली घालताना. आत्याने सांगितलं, तू कप अर्धाच भरतेस.

भूगोलाचं लग्न झालं, दोन मुली आहेत, हेही तिनेच सांगितलं. ते मी चौकोनात शून्य टाकून परत आणू शकत नाही.

गायकाला फोन केला होता. सगळं सांगितलं. तो म्हणाला, “अरे, सहा वर्षांपूर्वीचं काय उगाळत बसलास? गाणं छान झालं होतं की.” मी फोन ठेवला. त्याच्यावर चिडलो, मग लक्षात आलं की त्या दिवशी तो एकटा नव्हता हसला.

दादा


२९ मार्च

ठकी,

तुझं पत्र मिळालं. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर सहा ओळी. दारातच उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

‘माफ केलेलं नाही. ते विचारूही नकोस’ असं लिहिलंस. नाही विचारत.

दोन प्रश्न विचारलेस. पहिला, बाबांना कळलं होतं का. मला माहीत नव्हतं, म्हणून मी त्यांची शेवटची फाईल उघडली आणि वाजवणं संपल्यावरही पुढे ऐकत राहिलो. रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. काठ्या ठेवल्याचा आवाज येतो, स्टूल करकरतं, मग बाबा विचारतात, “जमलं ना रे?” आणि काचेपलीकडून माझा आवाज येतो, “एकदम! घड्याळ लावून घ्यावं असं.”  बराच वेळ नुसता पंखा ऐकू येतो. मग म्हणतात, “पोरीला बसवत जा आता. ती खरी आहे.”

कळलं होतं की नाही, तूच ठरव. मला वाटतं, कळलं होतं.

ज्याचा हात गेला होता त्याला मी ‘घड्याळ लावून घ्यावं असं’ म्हणालो, आणि जिचा शाबूत होता तिला बिघडलेलं घड्याळ म्हणालो. एकाच खुर्चीत बसून. हे ऐकल्यापासून माझा माझ्यावरचा भरवसा उडालाय. काल एका बाईंचं गाणं घेतलं, त्या विचारत होत्या, सुरात होतं का?  त्यांना म्हटलं, तुम्हीच ऐका आणि ठरवा. त्या घाबरूनच गेल्या.

तुझा दुसरा प्रश्न, ‘तपास म्हटलं होतं तेव्हा का तपासलं नाहीस?’ पहिल्यांदा मी लिहिलं होतं की त्या पानावर गेलो असतो तर बाबांचा आजार पुन्हा दिसला असता, ते मला झेपलं नसतं. ऐकायला बरं आहे, थोडंफार खरंही असेल. पण मोठं कारण ते नाही. माझ्या बांधणीत चूक असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक तुझीच असणार, कारण तू धाकटी, आणि काचेच्या पलीकडे बसलेली. एवढंच कारण आहे, ठकी. दोन मिनिटांचं काम होतं.

चपला पाठवतोय. वाद्या कडक झाल्या होत्या, तेल लावलंय.

दादा


१९ एप्रिल

ठकी,

आत्याने काल तुझं रेकॉर्डिंग माझ्या फोनवर पाठवलं. खाली लिहिलं होतं, ‘तिने पाठवलंय, मला काही विचारू नकोस, मी मध्ये पडत नाही.’ आत्या मध्ये पडत नाही म्हणजे आश्चर्यच म्हणायचं.

ते मी संगणकात घेतलं नाही, पडद्यावर रेघ ताणून बघितली नाही. फोन टेबलावर ठेवला, दार लावलं आणि ऐकलं. एका बाजूला टिकटिक, आणि तू पत्र्याच्या डब्यावर वाजवतेस. काठ्याही नसाव्यात, लाकडी उलथनी असावीत असा आवाज आहे.

सुरुवातीचं सगळं चुकलंय. कधी पुढे, कधी मागे. हात सहा वर्षं बंद असल्यावर दुसरं काय होणार. पण तो आजाराचा उशीर नाही, तो मी दोन वर्षं रोज ऐकलाय. मग तू थांबतेस. नाक ओढल्याचा आवाज येतो. टिकटिक एकटीच चालू राहते. मला वाटलं संपलं, आता फोन बंद करशील.

मग तू पुन्हा सुरू केलंस, आणि टिकटिक ऐकू येईनाशी झाली.

मी घाबरून फोन उचलला, आवाज वाढवला. टिकटिक बंद पडली नव्हती. ती तुझ्या ठोक्याखाली गेली होती. पुढचे चोवीस ठोके ती ऐकूच आली नाही. मग तू थांबलीस, आणि ती होती तिथेच, आपली चालू. आणि शेवटी तुझा आवाज, जन्मात ऐकला नव्हता इतका चिडलेला: “दादा, यातलं काहीही सरकवायचं नाही.”

नाही सरकवलं.

हात ठीक आहे, असं मी आता लिहिणार होतो. लिहून झालं होतं, कागद फाडला. मागच्या खेपेला तू माझ्या कानावर विसंबलीस आणि काय झालं ते आपण दोघांनी बघितलं. म्हणून या वेळी मी काही सांगत नाही. तुझ्या फोनमध्ये ते रेकॉर्डिंग आहे. एकाच माइकात दोन्ही आहेत, टिकटिकही आणि तूही. दार लाव, आत्याला बाहेर बसव, आणि टिकटिक कुठे नाहीशी होते ते तू स्वतः ऐक.

आणि मग कप काठोकाठ भर.

दादा